वाइड न टाकणारे सखाभाऊ

सखाभाऊ कुणाच्या हातात वस्तू देत नाहीत. टाकतात.

फेकतात असं मात्र म्हणायचं नाही. एकदा मी चुकून म्हणालो, "सखाभाऊ, किल्ली फेकू नका, गटारात जाईल." तर त्यांनी किल्ली परत खिशात घातली आणि मला माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभं करून शिकवणी घेतली.

"शेठ, फेकत्यात तो दगूड. आमी टाकतो. टाकलेल्या वस्तूला टप्पा आसतो, राव."

मग दोन पावलं मागे सरकले, एक डोळा बारीक केला आणि मोटारसायकलची किल्ली टाकली. ती काउंटरवर एकदा आपटली आणि सरळ माझ्या तळहातात आली. जुन्नरला जायचं असलं की ते गाडी माझ्या दुकानापाशी लावतात, किल्ली मला टाकतात आणि एस.टी.नं जातात. संध्याकाळी किल्ली परत मागताना "टाक" म्हणतात. मी हातातच देतो. माझा टप्पा गिऱ्हाइकाच्या कपाळावर पडण्याचा संभव जास्त.

किल्ली परवडली. सखाभाऊ टोमॅटो टाकतात, लिंबं टाकतात, काड्यापेटी, बॅटरीचे सेल, विड्यांचं बंडल, सगळं टाकतात. टीव्हीचा रिमोट टाकून टाकून मेला, तेव्हापासून त्यांच्या घरी एकच चॅनेल लागतं. अंडी टाकण्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे सुमनवहिनींनी, बंदी आणली. बँकेत काचेखालच्या फटीतून त्यांनी आधार कार्ड असं काही सोडलं की ते साहेबांच्या चहाच्या बशीत जाऊन बसलं. साहेब रागावले, तर हे म्हणाले, "बशी मधी कुणी ठेवली?" गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात सगळ्यांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडत होत्या. मांडवाच्या पार टोकाला उभ्या राहिलेल्या सखाभाऊंच्या तेवढ्या नवरदेवाच्या फेट्यावर पडल्या. नवरदेवानं वर पाहिलं. सखाभाऊंनी तिथूनच मान हलवली, लग्न लागलं अशा अर्थानं.

आमच्याकडे बिबट्या नवीन नाही. एका संध्याकाळी उसाच्या कडेला बसलेला बिबट्या पाहून बाकीचे लोक टेम्पोत चढले, सखाभाऊंनी मात्र ढेकूळ उचललं आणि टाकलं. ते बिबट्याच्या पुढच्या दोन पायांच्या बरोबर मध्ये फुटलं. बिबट्या उठून उसात गेला. मी म्हटलं, "लागलं असतं तर अंगावर आला असता!" तर म्हणाले, "लागंल कसं? मला त्याला नुसतं बॅकफूटवर ढकलायचं व्हतं."

आता आधी आमची ओळख सांगतो. माझं डिंगोऱ्यात किराणा आणि बी-बियाण्यांचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून आले, आईला राग आला की ती अजून मारवाडीत बोलते, मला राग आला तर मराठीत येतो. नाव कांतीलाल, गाव मला कांतीशेठ म्हणतं. दुकान पाहिलं तर शेठ म्हणवून घ्यायची लाज वाटावी, पण आमच्या लोकांना ती पदवी जन्मतःच मिळते. दुकानाच्या मागे सखाभाऊंचं घर, त्यापलीकडे त्यांचे टोमॅटो आणि कांदा.

आणि हे सखाभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव तरुणपणी पैसे घेऊन बॉलिंग टाकत.

त्या काळात जुन्नर-आंबेगावात यात्रा आली की टेनिस बॉलच्या स्पर्धा भरत. आजही भरतात, पण आता यूट्यूबवर दिसतात. तेव्हा लाऊडस्पीकरवर ऐकू यायच्या. ज्या गावाला कप हवा असे, ते गाव बाहेरून बॉलर आणत असे. आणि बाहेरून आणायचं म्हटलं की डिंगोऱ्याची जोडी. एका बाजूनं सखाभाऊ उजव्या हातानं जोरात, दुसऱ्या बाजूनं नामा डाव्या हातानं हळू. सखाभाऊंच्या बॉलला बॅट लागत नसे आणि नामाच्या बॉलला लागली तरी बॉल वर जाऊन परत नामाच्याच हातात येत असे. अट एकच. दोघांना एकाच टीमनं घ्यायचं. "आमी भाव-भाव समोरासमोर न्हाई" असं सखाभाऊ सांगत आणि पुढच्याला ते पटत असे, कारण नाही पटलं तर जोडी दुसऱ्या गावाला जात असे.

मला खेळता येत नव्हतं. कॅच म्हटलं की मी डोळे मिटायचो. पण तोंड चालायचं, म्हणून मला माईक दिला आणि जोडीबरोबर मीही गावोगाव कॉमेंट्री करत हिंडलो. अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि मध्ये मध्ये टीव्हीवर ऐकलेली इंग्रजी. सखाभाऊंबद्दल माझं एक वाक्य ठरलेलं असे: "आणि हा बॉलर आयुष्यात वाइड टाकत नाही!" ते खरं होतं. पंचाला दोन्ही हात पसरायची वेळ सखाभाऊंनी कधी आणली नाही. त्यांचा अभिमान विकेटींचा नव्हताच. "विकेट नशिबानं पडती. वाइड आपल्या हातात आसतो," असं ते अजूनही म्हणतात.

या पैशांबद्दल त्यांच्या आईचा एक कायदा होता. खेळाचा पैसा वाऱ्याचा, तो खायचा नाही. त्याची वस्तू आणायची, म्हणजे वाऱ्याला उडवता येणार नाही. त्यामुळे त्या घरातल्या वस्तूंना अजून गावांची नावं आहेत. ओतूरचा पंखा, घोडेगावचं कपाट, मंचरची सायकल. डिंभ्याला फायनल जिंकल्यावर म्हैस घेतली, ती डिंभ्याची म्हैस. नवीन सून घरात आली तेव्हा सासूनं तिला सांगितलं, "घोडेगावात साड्या ठेव." बिचारी रडायलाच लागली. तीच आमची सुमनवहिनी. आता तीही पाहुण्यांना म्हणते, "ओतूर लावू का? उकडतंय."

नामाचा स्वभाव वेगळा. सखाभाऊ ताठ, नामा मऊ. त्याला 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही. पंगतीत जिलेबी वाढणारा थकतो, पण नामा नाही म्हणत नाही. यावरून एकदा मोठी पंचाईत झाली. गावाचं नाव सांगत नाही, तिथली मंडळी अजून माझ्याकडून बियाणं नेतात. फायनलच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिथल्या देवळात उतरलो होतो. सखाभाऊ नदीवर अंघोळीला गेले होते. तेवढ्यात समोरच्या टीमचा एक माणूस तांबड्या तुऱ्याचा कोंबडा घेऊन आला आणि नामाला गोड आवाजात म्हणाला, "पावणं, उंद्या एक कॅच सुटला तर काय जग बुडतंय?" नामाला नाही म्हणता आलं नाही. त्यानं कोंबडा घेतला.

दुसऱ्या दिवशी कॅच उडाला तो नेमका नामाकडे. मी माईकवर होतो. नामाचे कान लालभडक झालेले मला तंबूतून दिसत होते. बॉल खाली येऊ लागला, नामानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी ओरडलो, "सुटला! सुटला!" आणि शेवटच्या क्षणी त्याचा डावा हात पाठीमागून आपण होऊन पुढे आला आणि बॉल घेऊन छातीशी गेला. टीम नाचत होती. नामा एकटा पकडलेल्या चोरासारखा उभा होता. त्याच वेळी देवळामागे पिशवीतला कोंबडा आरवला आणि सखाभाऊंना सगळं कळलं. त्यांनी नामाला भर मैदानात कोंबडा परत करायला लावला. घरी येईपर्यंत ते अख्खा रस्ता एकच वाक्य बोलत होते, "सोडता येत न्हाई, तर घेतला कशाला?"

पुढे नामा चिंचवडला एका कंपनीत लागला, तिथेच घर केलं. बायको लवकर गेली. मुलगा अमोल शिकला, मोठ्या पगारावर लागला, त्यानं फ्लॅट घेतला. आणि दोन वर्षांमागे नामाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हात राहिला. ज्या हातावर कोंबडासुद्धा चालला नाही, तो हात मांडीवर नुसता पडून असायचा.

अमोल आणि सूनबाई दोघंही दिवसभर कामावर. तेव्हा सखाभाऊच टेम्पो घेऊन चिंचवडला गेले आणि नामाला डिंगोऱ्याला घेऊन आले. अमोल गुणी मुलगा. त्यानं स्पष्ट सांगितलं, "काका, हात बरा होईपर्यंत ठेवा. हात चालायला लागला की बाबांना मी परत नेणार." सखाभाऊ म्हणाले, "न्हे की. तुजाच बाप हाय." तेव्हापासून त्या घरात एकच प्रश्न आहे, नामाचा हात.

आणि त्याच सुमाराला सखाभाऊंची ही टाकायची खोड सुरू झाली. आधी ते चारचौघांसारखं हातात देत असत. मी समजलो, साठी उलटली, जुना बॉलर अंगात जागा झाला. गावानंही तेच समजून घेतलं. आमच्या गावात माणूस कशानं वेडा झाला याची फार चौकशी करत नाहीत, कुणाला चावत नाही ना एवढं पाहतात.

श्रावणात आम्ही सगळे भीमाशंकरला गेलो. दर्शन झाल्यावर सखाभाऊंनी पिशवीतून केळी काढली आणि एकेकाला टाकू लागले. माझं खाली पडलं. वहिनींनी पदरात झेललं. नामाला टाकलं तर त्याचा डावा हात उचलला गेला खरा, पण उशिरा. तेवढ्यात मागून माकडानं उडी मारून केळं हवेतच धरलं.

"बघ नाम्या!" सखाभाऊ ओरडले. "ह्येला टीममधी घ्यायला पायजे!"

नामा पोट धरून हसला. आजारी पडल्यापासून त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला, तो हसण्यानं की कशानं, हे मला तेव्हा समजलं नाही.

समजलं ते चष्म्यामुळे. एका सकाळी सखाभाऊंनी टाकलेलं लिंबू माझ्या चष्म्यावर आलं आणि काच तडकली. खरं तर टप्पा बरोबर होता, मीच वाकलो होतो. तरी मी वहिनींकडे तक्रार केली. "वहिनी, आता आवरा यांना. एक दिवस वजनाचं माप टाकतील."

वहिनी साखर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहिलं.

"शेठ, कुनाला बोलू नका. डाक्टरनी भावजींना बॉल दिला व्हता. पिवळा, मऊ. म्हनले, रोज झेल घ्यायचा, हात त्यानंच यील. भावजींनी तो हिरीत टाकला. म्हनले, मी काय बाळ हाय का खेळवायला? ज्या हातानं गावोगाव नाव काढलं त्यो समद्यांपुढं लुळा दाखवू? दोन दिस जेवले न्हाईत. मंग ह्येंनी काय केलं, तिसऱ्या दिसापासनं समद्या गावालाच टाकाया सुरवात केली. एकट्या भावजींना टाकलं आसतं तर त्यांना कळलं आसतं ना? समद्यांनाच टाकत्यात म्हनल्यावर कसली लाज?"

मी तडकलेल्या काचेतून वहिनींकडे बघत राहिलो. बँक, अक्षता, रिमोट, बिबट्या. सगळ्या गावाकडून स्वतःला वेडं म्हणवून घेतलं होतं या माणसानं, आणि तेही भावाला दोन लिंबं जास्त टाकता यावीत म्हणून. चष्म्याची काच मी बरेच दिवस बदलली नाही. माणसाला अशा वेळी काहीतरी करावंसं वाटतं आणि करण्यासारखं काही नसतं.

पण गंमत अशी की हात बरा झाला म्हणजे नामा जाणार, हे सखाभाऊंना ठाऊक होतंच. सकाळचा चहा दोघं एका खाटेवर घेतात. संध्याकाळी जुन्या मॅचवरून भांडतात. तो उठून गेला तर सखाभाऊ भांडणार कुणाशी? तरी रोज न चुकता टाकत होते. नामा रोज सोडत होता. लिंबू बोटांना लागायचं आणि निसटायचं. सखाभाऊ म्हणायचे, "आसूंदे, उंद्या."

दिवाळीनंतरची गोष्ट. नामा दुपारी माझ्या दुकानात बाकावर बसला होता. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची गोळ्यांची बरणी काढत होतो. बरणी सटकली. मी सवयीनं डोळे मिटले. आवाज आला नाही म्हणून उघडले, तर बरणी नामाच्या हातात. डाव्या. पाचही बोटं घट्ट.

मी स्टुलावरून खाली उतरलो. नामाचे कान लाल झाले.

"कांतीशेठ," तो हळूच म्हणाला, "दादाला बोलू नकू."

"अरे, हा तर ठणठणीत झालाय! तो माणूस रोज..."

"म्हायती हाय. पर बरा झालो म्हंजे जायाला लागंल. चौथ्या मजल्यावर. दिवसभर खिडकीत बसून खालच्या गाड्या मोजायच्या."

"मग अमोलला सरळ सांग, मला इथंच राहायचंय म्हणून."

"कसं सांगू? सुनंनं खोलीला रंग दिलाय माझ्यासाठी. नवी गादी आणलीया. पोरानं येवढं मनापासनं केलं, त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

कोंबडा आठवून मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी वाईट वाटलं. झालं, दोन्ही भावांची गुपितं माझ्या दुकानात. माल साठवायची सवय आमच्या रक्तात आहे, पण हा माल मला जड जाऊ लागला. सकाळी सखाभाऊ टाकत, नामा सोडत आणि मी मधल्यामध्ये डाळीतले खडे निवडत बसत असे.

असेच काही आठवडे गेले आणि एका रविवारी अमोल आला. मलाही जेवायला बोलावलं होतं. वहिनींनी मासवडीचा बेत केला होता, माझ्यासाठी कांदा-लसूण न घातलेली वेगळी. जेवणं झाली, आम्ही अंगणात खाटांवर बसलो. अमोल बराच वेळ वडिलांकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही मघाशी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं धरलात."

"उजवा खरकटा व्हता, म्हनून जरा टेकवला," नामा म्हणाला. "आजून जोर न्हाई रे."

"काका," अमोल उत्साहानं उठला, "तुम्ही टाकता ना सगळ्यांना? टाका बरं एक लिंबू बाबांना. बघू तरी! धरलं तर आजच घेऊन जातो. गाडी आहेच, तिकडे सगळी तयारी आहे."

दारात वहिनी हातातली ताटं घेऊन थांबल्या. नामानं डावा हात पुढे केला आणि त्याचे कान कुणालाही दिसतील इतके लाल झाले. मी मनात म्हटलं, संपलं. हा सोडायला जाणार आणि हात आपण होऊन पुढे येणार. रोज सोडत होता ते कुणी मुद्दाम बघत नसताना. असे सगळे डोळे लावून बसले की याच्यानं होणार नाही.

सखाभाऊंनी ताटलीतून लिंबू उचललं. पायजम्यावर पुसलं. दोन पावलं मागे सरकले, एक डोळा बारीक केला, भावाकडे पाहिलं. मग टाकलं.

लिंबू नामाच्या खाटेपासून हातभर लांबून गेलं आणि डिंभ्याच्या म्हशीच्या नातीच्या पाटीत जाऊन पडलं. म्हशीनं तोंड वर करून आमच्याकडे पाहिलं.

माझे दोन्ही हात पंचासारखे आपोआप पसरले.

"काका! तुमचा वाइड?" अमोल हसत सुटला.

"वय झालं रं," सखाभाऊ म्हणाले आणि खाटेवर बसले. दुसरं लिंबू त्यांनी उचललं नाही. अमोलनंही आग्रह केला नाही. तो वडिलांशेजारी बसला, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन चोळत राहिला आणि निघताना म्हणाला, "राहू द्या. अजून थोडे दिवस बघू. इथं तब्येत चांगली दिसतेय तुमची." गाडी वळणाआड गेली तसा नामा म्हशीपाशी गेला, पाटीतलं लिंबू काढून धुतलं आणि घरात नेऊन ठेवलं.

सखाभाऊ मला दुकानापर्यंत सोडायला आले. मला राहवेना.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. कान लाल व्हत्यात त्याचे."

"मग रोज कशाला टाकता?"

"न टाकून कसं चालंल? म्या टाकलं न्हाई तर तो सोडंल काय?"

मी हसलो, पण डोळे भरून आले होते. दुकानाची कडी काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मग म्हणालो, "पण वाइड, सखाभाऊ? तुम्ही? आयुष्यात पहिला?"

घराकडून ओतूरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, नामा आडवा झाला असावा.

"त्याला सोडता आला नसता, शेठ," ते म्हणाले. "तू माईकवर व्हतास की तवा."